मुलेंगाची डबी

“लिहा तुळसकर,” कर्नल शितोळे खुर्चीत बसता बसता म्हणाले, “आपल्या संस्थेत वर्णभेद नाही. हं, आता बैठक सुरू करू.”

मी लिहिलं. समितीचा सचिव म्हणून माझं ते कामच होतं. निष्कर्ष आधी आणि चौकशी मागून, या पद्धतीचं मला नवल वाटलं नाही. सरकारी नोकरीत मी दुसरी पद्धत फारशी पाहिलेली नव्हती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरमधली. लष्करी अधिकारी घडवणारी आमची संस्था घाटमाथ्यावरच्या पठारावर होती, अजूनही आहे. नाव सांगत नाही, कारण माझी पेन्शन तिच्याच शिक्क्याने सुरू झाली. मी तिथे मुख्य लिपिक. म्हणजे सिव्हिलियन. बूट, कवायत, बिगूल यांच्याशी माझा संबंध नाही. माझा संबंध कागदाशी. लष्कर पोटावर चालतं असं म्हणतात. मी आतून पाहिलंय, ते टिपणावर चालतं.

आमच्याकडे आफ्रिकेतल्या मित्रदेशांचे दोन-चार कॅडेट नेहमी असायचे. त्यांच्यापैकी झांबियाच्या मुलेंगा नावाच्या कॅडेटवरून हे सगळं उपटलं होतं. त्याच्या वकिलातीनं दिल्लीला तक्रार केली, दिल्लीनं आम्हाला पत्र पाठवलं की काळ्या कॅडेटांना मिळणाऱ्या वागणुकीबाबत सल्लागार समिती नेमा आणि पंधरा दिवसांत अहवाल द्या. समिती म्हटल्यावर आमच्या संस्थेला हुरूप आला. समितीत कुणाला काही करावं लागत नाही, फक्त गंभीर दिसावं लागतं.

समितीत अध्यक्ष कर्नल शितोळे. मग संस्थेत इंग्रजी शिकवणाऱ्या देवस्थळी बाई, कारण एक सिव्हिलियन हवा होता आणि एक स्त्री हवी होती आणि बाई दोन्ही होत्या. तिसरे मेजर बक्षी. तक्रार त्यांच्याविरुद्धच होती, म्हणून त्यांना तज्ज्ञ सदस्य केलं. प्रकरणाची त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला असणार? चौथा मी, मिनिटं म्हणजे बैठकीचा वृत्तान्त लिहायला. बैठकीचं कामकाज इंग्रजीत चाले. इथे मराठीत सांगतो, कारण इंग्रजीत ते फार सभ्य वाटतं.

“सर,” मी विचारलं, “एखादा आफ्रिकन कॅडेट सदस्य म्हणून...?”

“अहो, आपण त्यांच्याविषयीच बोलणार ना?” देवस्थळी बाई म्हणाल्या. “समोर बसवून कसं बोलायचं? त्यांना किती अवघड वाटेल!”

हेही मी लिहिलं. पुढचा अर्धा तास समितीच्या नावात गेला. ‘वर्णभेद’ हा शब्द नावात घेतला तर तो इथे आहे असं वाटेल, ही मेजर बक्षींची भीती सगळ्यांना पटली. शेवटी ‘परदेशी कॅडेट सौहार्द सल्लागार समिती’ असं बारसं झालं आणि समोसे आले.

आता प्रकरण सांगतो. शेवटच्या सहामाहीत कॅडेटांची एक चाचणी असते. पहाटे माळरानावरून झुडपांच्या आडानं सरपटत जायचं आणि दुर्बीण लावून बसलेल्या परीक्षकाला न दिसता ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायचं. त्यासाठी प्रत्येकाला तोंडाला फासायच्या काळपट-हिरव्या मलमाची एक चपटी डबी मिळते. आपल्याकडे तोंडाला काळं फासतात ते अब्रू घालवायला. लष्करात ते गुण मिळवायला फासतात. चाळीस कॅडेट स्टोअरच्या खिडकीशी रांगेत उभे होते, त्यांत आफ्रिकन एकटा मुलेंगा. मुलेंगाचा नंबर आला तेव्हा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, स्टोअरकीपर हसला आणि म्हणाला, “तुला कशाला रे डबी? तुला देवानंच लावून पाठवलंय.” रांग हसली. मुलेंगानं पुन्हा मागितली. स्टोअरकीपर म्हणाला, “तुम्हा लोकांना द्यायची नाही असा आदेश आहे,” आणि पुढच्याला हाक मारली.

पहाटे मुलेंगा सरपटत निघाला. घाम आला, ऊन कपाळावर पडलं आणि मेजर बक्षींनी त्याला दोनशे पावलांवरून टिपलं. नापास. मुलेंगानं सांगितलं, डबी दिली नव्हती. स्टोअरकीपरला विचारलं तर तो म्हणाला, यानं मागितलीच नाही, मागितली असती तर दोन दिल्या असत्या. रांगेतल्या बाकीच्या एकोणचाळीस कॅडेटांना एकाच वेळी विस्मरण झालं. डब्या वाटताना सही कुणी घेत नाही. झालं! मेजर बक्षींनी आरोप ठेवला की कॅडेट मुलेंगा खोटं बोलला.

नापास होणं मोठं नव्हतं, चाचणी पुन्हा देता येते. पण खोटं बोलणाऱ्या कॅडेटला आमच्याकडे दुसरी संधी नाही. सामान बांधायचं आणि घरी जायचं. दीक्षान्त संचलनाला चार आठवडे उरले होते. त्यात तो खांद्यावर तारा लावून चालणार होता, किंवा लबाड म्हणून विमानात बसणार होता.

दुसऱ्या बैठकीला त्याला बोलावलं. उंच, सडपातळ पोरगा, इतका ताठ उभा की खोलीतले आम्ही सगळे वाकडे दिसायला लागलो. कवायतीच्या उस्तादांकडून हिंदी शिकल्यामुळे तो सगळ्यांनाच ‘श्रीमान’ म्हणायचा. शिपायालाही, मलाही.

“तू हिंदी किती छान बोलतोस!” देवस्थळी बाई कौतुकानं म्हणाल्या. “तुला इथे काही त्रास नाही ना, बाळ?”

“मला लबाड ठरवलंय, मॅडम.”

“ते सोडून.”

कर्नलसाहेब खाकरले. “हे बघ, आम्हा भारतीयांना गोऱ्यांनी दीडशे वर्षं छळलंय. आम्ही कसा वर्णभेद करू? आम्हाला तो करताच येणार नाही.”

“श्रीमान, मी वर्णभेद म्हटलंच नाही,” मुलेंगा म्हणाला. “मी म्हटलं, डबी दिली नाही. आदेश आहे, असं मला सांगितलं. मला फक्त तो आदेश पाहायचाय.”

“असा आदेश असूच शकत नाही,” मेजर बक्षी म्हणाले. “आणि हरकत काय होती? तुला डबीची गरजच नव्हती. तू तसाही...” पुढचा शब्द त्यांनी गिळला. समिती सौहार्दाची होती.

“काळी कातडीही चमकते, श्रीमान. आपल्या पुस्तकात लिहिलंय.”

पुस्तकात खरंच लिहिलं होतं. पण पुस्तक कॅडेटांनी वाचायचं असतं. मेजरसाहेबांनी प्रत्यक्ष प्रयोगाचा प्रस्ताव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला, कारण प्रयोग हिरवळीवर होणार होता आणि थंडीचे दिवस होते.

प्रयोग असा. हिरवळीच्या टोकाला जास्वंदीचं कुंपण होतं. त्याच्यामागे दोघांना बसवायचं. एक मुलेंगा, बिनमलमाचा. दुसरा राठी नावाचा हरियाणाचा कॅडेट, मलम फासलेला. मेजर बक्षींनी दोघांना स्वतः जागा नेमून दिल्या, मग शंभर पावलं मागे येऊन दुर्बीण लावली आणि दोघांनाही ताबडतोब ओळखलं.

“दोघेही सारखेच दिसतात,” ते विजयी मुद्रेनं म्हणाले. “मलमाचा संबंध नाही.”

“लिहा तुळसकर,” कर्नल म्हणाले.

मी लिहायला लागलो तेवढ्यात छत्री घेऊन उभ्या असलेल्या देवस्थळी बाई म्हणाल्या, “अहो, मला तर मुलेंगाच दिसतोय. दुसरा कुठेय? याचं कपाळ बघा ना कसं लख्ख चमकतंय, घासलेल्या तांब्यासारखं!”

मेजरसाहेबांनी दुर्बीण खाली केली.

“मॅडम, ऊन पडलंय,” मेजर म्हणाले.

“हो, तेच तर म्हणतेय मी.”

कर्नलसाहेबांनी दुर्बीण मागून घेतली. बराच वेळ पाहिलं. आधी एकीकडे, मग दुसरीकडे. मग दुर्बीण माझ्या हातात देऊन न बोलता निघून गेले. मिनिटांत काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी ‘निष्कर्ष अनिर्णित’ असं लिहिलं. मला वाटलं, साहेबांना समोसे बाधले असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं.

“तुळसकर, पोरगा खरं बोलतोय.”

“सर.”

“पण माझ्या वाटण्याला किंमत नाही. स्टोअरकीपर नाही म्हणतो, पोरं तोंड उघडत नाहीत, बक्षी अडून बसलाय. मला कागद हवा. स्टोअरकीपर ‘आदेश आहे’ असं म्हणाला असेल तर ते त्यानं मनानं काढलेलं नाही, तेवढी अक्कल नाही त्याला. कुणीतरी कधीतरी लिहिलं असणार. तो कागद मला आणून दे. मी त्याच्यावर सही करीन, आरोप रद्द करीन आणि पोराची चाचणी पुन्हा घेईन. बक्षीला काय बोंबलायचं ते बोंबलू दे.”

“आणि नाही मिळाला तर?”

“तर पोरगा शनिवारी जाईल.” ते खिडकीबाहेर पाहायला लागले. “मिळू दे रे बाबा काहीतरी. माझी झोप उडालीय.”

मी थक्क झालो. मी त्या माणसाला आठवडाभर मनातल्या मनात हसत होतो, आणि तो सरळ निघाला! मला थोडी चीडही आली. आपण ज्याची टवाळी करतो त्यानं असं ऐन वेळी सज्जन होऊ नये.

आमची जुन्या कागदांची खोली म्हणजे घोड्यांच्या पागेचा उरलेला तुकडा. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. मला शिडीवर चढणं जमत नव्हतं, गुडघे बोलायचे. मुलेंगाला चौकशी होईपर्यंत कवायत बंद होती आणि खोलीत नुसतं बसवत नव्हतं. त्यानं स्वतःच विचारलं, “मी गठ्ठे काढून देऊ, श्रीमान?”

नियमात बसत नव्हतं. पण गुडघ्यांपुढे नियम काय करणार? मंगळवार, बुधवार आणि गुरुवार असे तीन दिवस तो शिडीवर आणि मी खाली टेबलाशी, असं आम्ही शोधलं. तो गठ्ठा खाली द्यायचा, मी सोडायचो, पानं उलटायचो, परत बांधायचो. धुळीनं दोघेही शिंकून बेजार. दुपारी मी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला द्यायचो. शेंगदाण्याची चटणी त्याला फार आवडली. त्यांच्याकडेही दाणे कुटून भाजीत घालतात म्हणाला. मला उगाच बरं वाटलं, जणू दाण्याचा शोध मीच लावला होता.

“घरी कोण कोण?” मी विचारलं.

“आई. कसामा गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आणि दोन बहिणी.”

“आईला कळवलंस?”

“नाही. ती विचारेल, तू खोटं बोललास का? मी म्हणेन, नाही. ती म्हणेल, मग एवढ्या मोठ्या संस्थेनं काढलं कशाला? तिचा कागदावर फार विश्वास आहे, श्रीमान. शिक्षिका आहे ना.”

“आपली इथे अगदी तशीच गत आहे,” मी म्हणालो आणि आम्ही दोघे हसलो.

घरी मी बायकोला सगळं सांगत होतो. तिला समितीत रस नव्हता. ती रोज एकच विचारायची, “पण त्या पोराला डबी द्यायला काय झालं होतं त्यांना?” एवढा साधा प्रश्न तीन बैठकांत एकानंही विचारला नव्हता. मी तिला म्हणायचो, “लोक असतात गं एकेक.” आणि समितीच्या नकला करून दाखवायचो. ती हसायची. मला नकला छान जमतात.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला मुलेंगानं वरच्या फळीवरून एक गठ्ठा काढला, फुंकून धूळ उडवली आणि वाकून माझ्या हातात दिला. “शहाऐंशी साल, श्रीमान. यात असेल?”

मी गाठ सोडली. सहावं की सातवं पान असेल. ‘विषय: चेहऱ्याच्या मलमाच्या डब्यांची टंचाई.’ खाली स्वच्छ, टपोऱ्या इंग्रजी अक्षरात परिच्छेद होता. पुरवठा अपुरा असल्याने आफ्रिकी देशांतील कॅडेटांना, त्यांचा नैसर्गिक वर्ण लक्षात घेता, सदर डबी देण्याची आवश्यकता नाही. पुढील आदेश होईपर्यंत हीच पद्धत राहावी. त्याखाली ‘मंजूर’, त्याखाली कुठल्याशा कॅप्टनची सही, जो केव्हाच निवृत्त होऊन गेला होता. पुढील आदेश अकरा वर्षं झालाच नव्हता.

मुलेंगा सुटला होता. त्याचा तारा माझ्या हातात होता.

आणि अक्षर माझं होतं.

शपथेवर सांगतो, तोपर्यंत मला आठवत नव्हतं. अकरा वर्षांत मी हजारो टिपणं लिहिली होती. गवत कापण्याची, चादरींची, डासांच्या औषधाची. कुणी लक्षात ठेवतं? पण पान समोर आल्यावर सगळं भराभर आठवलं. डब्या कमी आल्या होत्या. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, काय करायचं? मी तेव्हा नवा, कनिष्ठ लिपिक, चमकायला उतावीळ. मी तोडगा काढला. साहेब खदाखदा हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “तुळसकर, तू इथे वाया जातोयस.” त्या दुपारी मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होतो की त्यांना देवानंच लावून पाठवलंय, आपण डबी कशाला खर्ची घालायची? स्टोअरची माणसं पोट धरून हसली होती. टिपण माझं होतं आणि विनोदही माझाच. टिपण धूळ खात पडलं, विनोद मात्र एका स्टोअरकीपरकडून दुसऱ्याकडे चार्ज देतात तसा हातोहात चालत आला.

“मिळालं, श्रीमान?” वरून आवाज आला.

मी मान वर केली. शिडीच्या वरच्या पायरीवर तो उभा होता, केसांत कोळिष्टकं, डोळ्यांत एवढी आशा की बघवेना. आमच्यात चार हातांचं अंतर होतं. मला एवढंच करायचं होतं, कागद उचलून वर धरायचा.

मी काय गमावलं असतं? बसून हिशेब केलाय पुष्कळ वेळा. फार तर एक नाराजीचं पत्र. मार्चमध्ये कार्यालय अधीक्षकपदी बढती व्हायची होती, ती वर्षभर लांबली असती. फाशी काही नव्हती. पण समितीच्या बैठकीत तो कागद वाचला जाईल, कर्नल विचारतील हे कुणाचं अक्षर, देवस्थळी बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतील, मेजर बक्षी हसतील, आणि हा पोरगा शिडीवरून खाली उतरून माझ्याकडे बघेल. बाकी सगळ्यांचं बघणं मी सोसलं असतं. त्याचं नको होतं. त्यानं माझी भाकरी खाल्ली होती.

“नाही,” मी म्हणालो. “हा गवताच्या कापणीचा दिसतोय.”

मी पान उलटलं. गठ्ठा बांधला. गाठ नेहमीसारखीच आली. हातांनी मुळीच कुरकूर केली नाही, याची मला अजून लाज वाटते. उरलेले सहा गठ्ठे आम्ही पाहिले. मीही अगदी मन लावून पाहिले. शेवटच्या गठ्ठ्यानंतर मुलेंगा शिडी उतरला, शिडी जागेवर ठेवली आणि माझ्या खांद्यावरची धूळ झटकून म्हणाला, “तुम्ही खूप कष्ट घेतले.”

तो गेल्यावर मी गठ्ठा पुन्हा काढला. कागद घडी करून जेवणाच्या पिशवीत घातला आणि घरी नेला. फाडला नाही. सरकारी कागद फाडणं गुन्हा आहे.

“सापडला का त्या पोराचा कागद?” बायकोनं विचारलं.

“नाही गं,” मी म्हटलं आणि पिशवी खुंटीला अडकवली. त्या दिवशी तिनं नकला करायला सांगितल्या नाहीत, आणि मीही केल्या नाहीत.

शुक्रवारी समितीची अखेरची बैठक झाली. कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं अध्यक्षाचं नव्हतं, इस्पितळात चौकशीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकाचं होतं.

“तुळसकर?”

“कसून शोध घेतला, सर. असा आदेश आढळला नाही.”

“सगळे गठ्ठे?”

“सगळे, सर. कॅडेट मुलेंगा स्वतः हजर होता.”

हे मी का जोडलं? विचारलं नव्हतं कुणी. पण पक्कं काम करायची सवय. त्याच्या हातानं काढलेले गठ्ठे, त्याच्या देखत उलटलेली पानं. आता कुणाची बिशाद होती शंका घ्यायची?

कर्नलसाहेबांनी डोळे मिटले, उघडले. “लिहा,” ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. “भेदभाव सिद्ध होत नाही. यापुढे मात्र डबी प्रत्येक कॅडेटला द्यावी, वर्ण कोणताही असो.”

“फारच छान झालं हे!” देवस्थळी बाई म्हणाल्या. “निदान काहीतरी चांगलं निघालं यातून.” मग त्यांनी विचारलं, “आणि तो मुलगा?” त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून मिनिटांत तो प्रश्नही आला नाही.

अहवाल मी एका रात्रीत टाइप केला. दिल्लीला तो इतका आवडला की इतर संस्थांना नमुना म्हणून पाठवण्यात आला. काळ्या कॅडेटांना न्याय मिळवून देण्यातील मोलाच्या सहकार्याबद्दल समितीच्या सचिवाला प्रशस्तिपत्र आलं. बढती मार्चमध्ये झाली, वेळेवर.

पण त्याआधी शनिवार उजाडला. मुलेंगाची गाडी अकराला होती. साडेदहाला तो माझ्या टेबलाशी आला. गणवेश नव्हता. साधी पँट आणि पांढरा शर्ट, इस्त्री मात्र कडक.

“श्रीमान, एक काम होतं.”

“बोल ना.”

“आईसाठी एक पत्र हवंय. कार्यालयाच्या कागदावर. मी तोंडी सांगितलेलं तिला पुरणार नाही. एवढंच लिहा की इथल्या लोकांनी माझ्यासाठी शोधलं. तीन दिवस शोधलं. मला एकदम हाकलून दिलं नाही.”

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी यंत्रात कागद चढवला. आयुष्यात तितकी सफाईनं टाइप केलेली चिठ्ठी दुसरी नसेल. एक अक्षर खोडलं नाही. या कार्यालयानं तीन दिवस सर्व जुन्या कागदपत्रांची कसून छाननी केली, तथापि कॅडेटने उल्लेखिलेला आदेश अस्तित्वात असल्याचे आढळले नाही. गोल शिक्का मारला. सही केली.

त्यानं उभ्यानं वाचलं. हळू वाचलं. मग परत वाचलं.

“श्रीमान,” तो म्हणाला, “यावरून असं वाटतं की मी खोटं बोललो.”

“कार्यालयाची भाषा तशीच असते,” मी म्हणालो.

“हो.” त्यानं मान हलवली. “पण शोधलं, हे लिहिलंय.” पत्राची नीट घडी करून त्यानं ते शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून हात दाबून पाहिला. “दोन वर्षांत माझ्यासाठी इथे कुणी एवढं केलं नाही. मी आईला तुमचं नाव सांगीन.”

मला म्हणायचं होतं, नको सांगूस. मला म्हणायचं होतं, थांब, गाडी सोड, घरी चल, खुंटीला पिशवी आहे. पिशवीतला तो कागद नंतर मी कपाटात ठेवला. आज पेन्शन घेऊन पंधरा वर्षं झाली, अजून तिथेच आहे. बायको गेली, तिलाही दाखवला नाही. तेव्हा मात्र मी शाईच्या पॅडचं झाकण लावत बसलो. बाहेर गाडीवाल्यानं भोंगा वाजवला.

मुलेंगा दोन पावलं मागे सरला, टाचा जुळवल्या आणि माझ्यासमोर, एका सिव्हिलियन बाबूसमोर, कर्नललाही कधी मिळाला नसेल असा कडक सॅल्यूट ठोकला.

सिव्हिलियन माणसाला सॅल्यूट करायचा नसतो. आणि त्याच्या अंगावर गणवेश नव्हता, डोक्यावर टोपी नव्हती. तसा नियम आहे.

मी त्याला तो नियम सांगितला.